हजार पाकक्रिया, सहाशे किलोमीटर

सायकलवाल्यांच्या घोळक्यात मी लेखिका असते आणि लेखकांच्या बैठकीत सायकलवाली. दोन्हीकडे माझी तपासणी करू शकेल असं कुणी नसतं. घाटात मागे पडले की म्हणायचं, "रात्री उशिरापर्यंत लिहीत होते ना." प्रकरण रखडलं की प्रकाशकांना कळवायचं, "या शनिवार-रविवारी सहाशे आहे." त्यात किलोमीटर हा शब्द मी मुद्दाम गाळते, म्हणजे त्यांनी विचारावं आणि मग आपण नाइलाजाने सांगावं. त्यांनी विचारलं नाही. सहाशे पानं झाली असं समजून अभिनंदन केलं. मी ते ठेवून घेतलं.

बेत कागदावर फार देखणा होता. नोव्हेंबर ते ऑक्टोबर हा ब्रेव्हेचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडींचा, हंगाम. त्यात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटरची एकेक राइड ठरलेल्या वेळात पुरी केली की माणूस 'सुपर रँदोनर' होतो. मान्यता पॅरिसच्या क्लबची, मेडल मात्र आपल्या पैशाने मागवायचं. त्याच बारा महिन्यांत मराठी पाकपुस्तकांच्या इतिहासावरचं पुस्तक हातावेगळं करायचं. मेडल आणि पुस्तक दिवाणखान्यातल्या कपाटात कुठे ठेवायचं, हेही ठरलं होतं. पाहुणा सोफ्यावर बसला की दोन्ही एका नजरेत यावीत.

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. इथे नंबर काढत नाहीत. दोनशेला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. तेवढ्यात कार्डावरचे सगळे कंट्रोल, म्हणजे वाटेतले तपासणीचे थांबे, भरून आलात की पहिला आणि शेवटचा सारखेच. माझ्यासाठी याहून सोयीचा खेळ निघायचा आहे. शनिवारी सकाळी सहाला निघायचं आणि रविवारी रात्री दहाच्या आत परतायचं. त्यानंतर आलात तर तुम्ही फक्त दमलेले. पुस्तकाला हा दहाचा काटा नसतो. प्रकाशक सज्जन आहेत, "सावकाश होऊ द्या" म्हणतात. लेखकाला असं कधी म्हणू नये.

सायकलवर विचार सुचतात, असं मुलाखतीत सांगायचं मी ठरवून ठेवलंय. मुलाखत कुणी मागितलेली नाही, पण तयारी असावी. प्रत्यक्षात खंबाटकीच्या चढावर मला केळं सुचतं. त्याच्या पुढे चिक्की. एकदा उत्साहाने फोनवर वाक्यं रेकॉर्ड केली. घरी येऊन सगळ्यांना ऐकवली. "रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं १८७५ सालचं 'सूपशास्त्र' म्हणजे... हुफ्... म्हणजे आपल्याकडच्या छापील... हुफ्..." मग ट्रकचा हॉर्न आणि मग मी त्या ट्रकला उद्देशून बोललेलं एक वाक्य. नवरा म्हणाला, "शेवटचं तेवढं ठेव. बाकीचं पुन्हा लिही."

आता एक गोष्ट सांगते. ही माझ्या संपादकांनी प्रत्येक खर्ड्यातून काढून टाकली, कारण म्हणे तिचा पुस्तकाशी संबंध नाही. इथे ते नाहीत. तर, पॅरिसहून ब्रेस्त या बंदरापर्यंत जाऊन परत यायची, सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत १८९१ साली सुरू झाली. सुरू केली ती पिएर जिफार या पत्रकाराने. म्हणजे बघा, मुळातच लिहिणाऱ्या माणसाचा उद्योग! (संपादक: "संबंध काय?") पहिली शर्यत शार्ल तेराँने जिंकली, तीन दिवसांत, जवळजवळ न झोपता. आज तीच पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस आम्हा ब्रेव्हेवाल्यांची पंढरी आहे. दर चार वर्षांनी भरते, स्पर्धा म्हणून नव्हे, नव्वद तासांची ब्रेव्हे म्हणून, आणि आपल्याकडूनही माणसं जातात. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की १९१० साली पॅरिसजवळच्या मेझाँ-लाफीत गावच्या लुई द्युराँ या हलवायाने या शर्यतीच्या गौरवार्थ एक पक्वान्न केलं. सायकलच्या चाकासारखं गोल कडं, वर बदामाचे काप, मध्ये चिरून आत भाजक्या सुक्या मेव्याचं साखरी क्रीम. नाव 'पारी-ब्रेस्त'. आता धीर धरा. त्याच १९१० साली आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' प्रसिद्ध झालं!

मला हे ग्रंथालयात सापडलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला. समोरचे वाचक दचकले. सायकल, स्वयंपाक आणि मी एकाच सालात ओवले गेलो होतो, आणि हा योगायोग आहे हे मानायला मी आजही तयार नाही. मी ते क्रीमचं चाक घरी करूनही पाहिलं. ते फुगलं नाही. चाक पंक्चर झालं, असं मुलगा म्हणाला. प्रत्येक पाहुण्याला मी हे साल सांगते. आता पाहुणेच "एकोणीसशे दहा ना?" म्हणून मला थांबवतात. संपादकांनी तर समासात नुसतं '१९१०!' लिहून काट मारायला सुरुवात केली आहे.

लक्ष्मीबाईंचं मला खरं कौतुक आहे ते त्या हजाराच्या आकड्याचं. हजार पाककृती नुसत्या करायच्या नाहीत, मापासकट लिहून काढायच्या. माझं पुस्तक त्यांच्यावर आणि पुढे थेट १९७०च्या 'रुचिरा'पर्यंत, आणि ते लिहीत असताना भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो, "मग घरच्या स्वयंपाकाचं काय करता?" आमच्या ग्रुपमध्ये एक दंतवैद्य आहेत, एक बँकेतले साहेब आहेत. त्यांना विचारतात, "टायर कुठले वापरता?" मला विचारतात, "घरच्यांना चालतं?" लग्नाकार्यात तर माझ्यादेखत नवऱ्याला म्हणतात, "तुम्ही पाठवता हो, ग्रेट आहात." आणि तो, इतक्या वर्षांचा माझा माणूस, खाली बघून विनयाने हसतो. रात्री घरी या हसण्यावर स्वतंत्र चर्चा होते.

आमच्याकडे कुणाला काही चालवून घ्यावं लागत असेल, तर ते सासूबाईंना. रात्रीच्या राइडला मी लाइव्ह लोकेशन चालू ठेवते. नवरा तो ठिपका बघतो आणि झोपतो. सासूबाई बघतात आणि जाग्या राहतात. रात्री दीडला फोन येतो, "अगं, ठिपका वीस मिनिटं हलला नाही." मी बंद टपरीच्या बाकड्यावर आडवी झालेली असते. "झोपलेय, आई." "झोप मग. मी आहे." आणि खरोखरच अर्ध्या तासाने, "ऊठ आता, उशीर होईल," म्हणून पुन्हा फोन. हे पुस्तक त्यांना अर्पण करावं असं मनात आहे, पण त्यांनी दुसरं प्रकरण वाचून "एवढ्या दिवसांत इतकंच?" असं विचारल्यामुळे निर्णय राखून ठेवला आहे.

वर्षाचा जमाखर्च असा: चार राइडींपैकी तीन वेळेत झाल्या, पुस्तकाची सातपैकी चार प्रकरणं झाली. 'सुपर' हे विशेषण दोन्हीकडून हुकलं. सहाशेत मी वेळेबाहेर गेले त्याचं कारण लोकांना गुडघा सांगितलं आहे. गुडघा ऐकायला बरा वाटतो. खरं कारण असं की रात्री अकरानंतर बाईमाणसाला महामार्गावर पाणी प्यायची भीती वाटते. सोबतचे पुरुष कुठेही थांबतात. मी पंपामागून पंप शोधत जाते, आणि दारावर सुबक अक्षरांत 'महिला' आणि खाली कुलूप. एका पंपावर विचारलं तर पोरगा म्हणाला, "किल्ली साहेबांकडे असते, ताई. साहेब सकाळी येतात." म्हणून मी पाणी कमी प्यायले, मग पायात गोळे आले, मग वेळ गेला. दिवसा, गाडीतून, कुटुंबासह जाणाऱ्याला हे कुलूप दिसत नाही. ते रात्रीच लागतं.

पुढच्या नोव्हेंबरात मी पुन्हा सहाशेला नाव देणार आहे. पुस्तकाचं प्रकाशकांना तसंच कळवलंय. तुमच्या ओळखीत कुणाचा महामार्गावर पेट्रोलपंप असेल तर त्यांना माझा एक निरोप द्या. किल्ली रात्रपाळीच्या पोराकडे ठेवा.