घाशीराम कोतवालास, परभणीहून

घाशीराम सावळदास यांस,

तुम्ही औरंगाबादेहून पुण्यास गेलात, म्हणजे आमच्याच मुलखातले. परभणी काय, औरंगाबाद काय, तेव्हा दोन्ही निजामाकडेच. त्या नात्यानं तुम्हाला जाब विचारते.

1777 साली नाना फडणविसांनी पुण्याची कोतवाली तुमच्या हाती दिली. शहराची नीती राखणं तुमचं काम. ती तुम्ही राखलीत कशी? शिंदळकीचा आळ आलेल्या बाईला चावडीवर ओढायचं. पुरुष बहुधा गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरून घरी जाई. बाईपाशी पैसा कुठला? मग सरकार तिला बटीक करी आणि किल्ल्यावर, कोठीत, कारखान्यात राबायला धाडी. बटीक विकता येई, कुणाला बक्षीसही देता येई. तिच्या पोटचं पोरही गुलामच. ज्या पापासाठी तिला धरलं, त्याहून हा सौदा कोणत्या अंगानं पवित्र होता, कोतवालसाहेब? कुंटणखान्याची मालकीण बाईचा देह विकते, तर तिला तुम्ही धरणार. आणि तुमची चावडी तेच करते, तर तो न्याय!

ही रीत माझ्या आधीपासूनची, असं तुम्ही म्हणाल. होती. म्हणून तर तुम्हाला ती मोडता आली असती. तुम्ही तिच्यावर चौदा वर्षं दरारा पोसलात.

ऑगस्ट 1791 मध्ये तुमच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. पुणं पेटून उठलं आणि लोकांनी तुम्हाला दगडांनी ठेचलं. त्या मेलेल्यांसाठी कुणीतरी उठायलाच हवं होतं. पण बटकी झालेल्या बायकांसाठी त्याच शहरात एक खडाही उचलला गेला नव्हता. पुढे 1972 साली तेंडुलकरांचं तुमच्यावरचं नाटक आलं. त्यातली तुमची मुलगी सगळ्यांना आठवते; पेशवे दप्तरातल्या बटकी कुणाला आठवतात?

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं, की स्वखुशीनं देहविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक करू नका, दंड करू नका, छळू नका. तुम्हाला मरून तेव्हा 230 वर्षं उलटली होती, आणि तरीही हे लिहून द्यावं लागलं. आजही छापा पडला की ओढणीत तोंड लपवलेल्या बायकांचेच फोटो छापून येतात. गिऱ्हाइकाचा चेहरा क्वचितच दिसतो.

तुम्हाला दगड मारणाऱ्यांच्या फिर्यादीत या बायका नव्हत्या. ती फिर्याद मी आज लावते.

परभणीची एक रहिवासी