हॉटेलचा धूर मोजा, ताटात डोकावू नका

तळमजल्यावरचा बंद गाळा उघडतो, आत फरशी फोडायचा आवाज सुरू होतो, बाहेर ‘लवकरच आपल्या सेवेत’ असा फ्लेक्स लागतो आणि वरच्या सोसायटीची तातडीची सभा लागते. डोंबिवली असो, कल्याण असो की ठाण्याचा नौपाडा, सभेतला पहिला प्रश्न ठरलेला: व्हेज की नॉनव्हेज? दुसराही ठरलेला: बार तर नाही ना? उत्तरं मनासारखी मिळाली की सगळे चहा पिऊन घरी. भटारखाना कुठे येणार, धुराडं कुठून वर जाणार, खरकटं पाणी कुठल्या गटाराला सोडणार, गॅसच्या टाक्या कुठे ठेवणार, हे कुणी विचारत नाही. सहा महिन्यांनी त्याच शुद्ध शाकाहारी हॉटेलच्या फोडणीने दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा दमा उसळतो आणि मग पळापळ सुरू होते.

माझं म्हणणं सरळ आहे. भर वस्तीत नवं हॉटेल येणार असेल तर शेजाऱ्यांनी जरूर भांडावं. आधी भांडावं आणि कागद मागून भांडावं. पण भांडण धूर, पाणी, आग, आवाज आणि रस्ता यांवरून व्हावं. आत बसून कोण काय खाणार यावर बोलायचा हक्क सोसायटीला नाही आणि महापालिकेलाही नाही.

आधी शेजाऱ्यांची बाजू, कारण ती खरी आहे आणि तिला कुणी वाली नाही.

ठाण्यात राम मारुती रोड आणि गोखले रोड, डोंबिवलीत फडके रोड आणि मानपाडा रोड, कल्याणात स्टेशन ते शिवाजी चौक. हे रस्ते राहत्या वस्तीचे. चाळी, बैठी घरं, दोन मजली इमारती पाडून इथे उंच इमारती आल्या, खाली गाळे निघाले. गाळे काढताना डोळ्यांसमोर होतं वाण्याचं, कापडाचं, वह्या-पुस्तकांचं दुकान. अशा गाळ्यात सहा शेगड्या, तंदूर आणि डोशाचा तवा बसवला की इमारतीच्या पोटात नसलेला धुराचा मार्ग बाहेरून काढावा लागतो. मग मागच्या भिंतीला पत्र्याचं चौकोनी धुराडं लागतं. नियमाने ते गच्चीच्या वर जायला हवं. पण वरचे मजले हरकत घेतात, खर्चही वाढतो, म्हणून ते पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर थांबतं आणि त्याचं तोंड शेजारच्या इमारतीकडे वळवलं जातं.

एकदा अशा धुराड्यासमोरच्या घरात जाऊन पाहा. डासांच्या जाळीवरून बोट फिरवलं तर बोटाला काळा, चिकट थर लागतो. तो साबणाने निघत नाही. दोरीवरच्या कपड्यांना लसणीच्या फोडणीचा वास. बाळाची खोली मागच्या बाजूला असेल तर खिडकी कायमची बंद आणि मे महिन्यातही उघडायची सोय नाही. रात्री साडेअकराला शेवटचं गिऱ्हाईक गेलं तरी धूर ओढणारी मोटर चालूच, कारण आता उद्याची ग्रेव्ही शिजतेय. त्यानंतर इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या जागेत टोप घासायला काढले जातात. भाताची शितं आणि तेल घेऊन ते पाणी जातं पावसाळी गटारात. जूनमध्ये गटार तुंबलं की महापालिका नालेसफाईच्या ठेकेदाराला जाब विचारते.

कायदा नाही असं मुळीच नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. महाराष्ट्राचा अग्निसुरक्षेचा कायदा २००६ चा. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. खाद्य परवाना अन्न आणि औषध प्रशासनाचा, आगीचा दाखला अग्निशमन दलाचा, दारू असेल तर परवाना उत्पादन शुल्क खात्याचा, बांधकामातला फेरफार नगररचना विभागाचा. प्रत्येक खातं आपल्यापुरता कागद पाहतं आणि शिक्का मारतं. धुराड्याच्या तोंडासमोर कुणाचं स्वयंपाकघर आहे, हे पाहायला जाणारा माणूस या साखळीत कुठेच नाही. मला यातली सगळ्यात मोठी चूक हीच वाटते. हॉटेलवाल्याचा लोभ आणि शेजाऱ्याचा आकस यांची चर्चा मग करू.

या ढिलाईची किंमत आपण पाहिली आहे. कुर्ल्याच्या किनारा हॉटेलात १६ ऑक्टोबर २०१५ ला गॅसने पेट घेतला आणि आठ जण गेले. सात जण कॉलेजचे विद्यार्थी, पोटमाळ्यावर जेवायला बसलेले. हॉटेल परवान्याच्या अटी मोडतंय हे महापालिकेला माहीत होतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या हलगर्जीवर बोट ठेवून प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितले. तोवर त्या आईवडिलांची जवळजवळ दहा वर्षं कोर्टकचेरीत गेली होती. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले, तेव्हा ठाण्यातही हॉटेलांच्या तपासण्या निघाल्या. जून २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी आदेश दिला म्हणून ठाण्यात आणि मीरा-भाईंदरमध्ये बेकायदा पब-बारवर बुलडोझर फिरला. एका आठवड्यात पाडता आली ती बांधकामं आदल्या आठवड्यात उभी होतीच ना? त्यांना वीज मिळत होती, पाणी मिळत होतं, दर महिन्याला कुणी ना कुणी अधिकारी त्यांच्या दारावरून जात होता. पावसापुरती म्हणून घातलेली शेड दिवाळीनंतरही तशीच राहते, पुढच्या पावसाळ्यात तिला भिंती येतात आणि तिसऱ्या वर्षी तिच्यात वातानुकूलित ‘फॅमिली सेक्शन’ निघतो. हे प्रभाग कार्यालयापासून चालत पाच मिनिटांवर घडतं.

आता दुसरी बाजू. हॉटेल नको म्हणणाऱ्यांनी आपलं शहर कसं जगतं तेही पाहावं. डोंबिवलीचा नोकरदार, बाई असो वा पुरुष, सकाळी अंधारात लोकल पकडतो आणि रात्री आठ-नऊला उतरतो. गल्लोगल्लीची पोळीभाजी केंद्रं याच गरजेतून उभी राहिली. मुलं परदेशी आणि घरात दोघंच म्हातारे, अशी घरं नौपाड्यात कमी नाहीत. त्यांना कोपऱ्यावर गरम वरणभात देणारं कुणीतरी हवं. ठाण्याची मामलेदार मिसळ तहसील कचेरीशेजारी सत्तरहून अधिक वर्षं उभी आहे आणि ठाण्याबाहेरचा माणूस तलावपाळीच्या आधी तिचं नाव घेतो. हॉटेल ही शहराची गरज आहे. ती भागवणारा माणूस डिपॉझिट, भाडं आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली गाळा घेतो. फरशी, भट्टी, फर्निचर यांत सगळे पैसे घातल्यावर त्याला सांगायचं की धुराड्याला परवानगी नाही, हाही अन्यायच आहे. आणि अशा अडकलेल्या माणसाकडून ‘समजूत’ काढून घेणारे तक्रारदार आणि पुढारी आपल्याकडे आहेत, हे प्रत्येक हॉटेलवाला खासगीत सांगतो. आधी विचारलं असतं तर कुणालाच समजूत काढावी लागली नसती.

पण सभेतला तो पहिला प्रश्न मात्र मला मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून चोवीस तास कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला. आधार दाखवला १९८८ सालच्या ठरावाचा. स्वातंत्र्यदिनी! खाटीक समाज रस्त्यावर उतरला, राजकीय पक्ष उतरले. खाण्यावर बंदी नाही, विक्रीवर आहे, असा खुलासा प्रशासनाने केला आणि कोण काय खातं यात सरकारला रस नाही, हे अखेर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना बोलावं लागलं. ज्या महापालिकेला रस्त्यावरचा खड्डा वेळेत भरता येत नाही, तिने नागरिकांच्या एका दिवसाच्या जेवणाकडे लक्ष द्यायला एवढी तत्परता दाखवावी, याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही आहे. ही सगळी जमीन आगरी-कोळ्यांची. तांदळाची भाकरी, सुकट, जवळा, बोंबलाचं कालवण हे इथलं मूळ जेवण. पुण्याहून, कोकणातून, देशावरून आलेले आपण सगळे त्यांच्या शेतांवर बांधलेल्या इमारतींत राहतो. त्यांच्या पोराने आपल्याच गावात खानावळ काढायची म्हटली तर गाळ्याचा मालक ‘नॉनव्हेज चालणार नाही’ म्हणतो. हे कुठल्या न्यायात बसतं?

‘वास येतो’ हे त्याचं कारण म्हणून पुढे केलं जातं. वास येतो हे खरं. पण सांबाराचाही येतो, जळक्या तेलात तळलेल्या वड्याचा तर फारच येतो. गच्चीच्या वर नेलेलं आणि दर महिन्याला आतून साफ होणारं धुराडं बोंबील आणि सांबार दोन्हींचा बंदोबस्त करतं. वासाचा त्रास असेल तर उंच धुराडं मागा. ते देतो म्हटल्यावरही विरोध टिकत असेल, तर विरोध वासाला नव्हता.

आणि हा विरोध कुठल्या जातीचा असतो, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी कळलेलं आहे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकापलीकडे जाऊन नीट आठवावी. शाहू महाराजांच्या पागेतला हा नोकर. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवला म्हणून त्याला बेदम मारलं गेलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. १९२२ साली महाराज गेले, त्याच्या काही वर्षं आधीचं हे. गंगारामने हॉटेल काढलं कुठे? वस्तीच्या कडेला लपवून नाही. गावातल्या हमरस्त्यावर, भाऊसिंगजी रोडवर. नाव ठेवलं सत्यसुधारक. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गाव येईना. मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. महाराज गंगारामच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. राजाने फर्मान काढून लोकांना तिथे पाठवलं नाही, स्वतः जाऊन प्यायला. पुढे सोड्याचं यंत्रही त्यांनी त्याला मिळवून दिलं. महाराज गेल्यावर कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभं करण्यात हाच गंगाराम पुढे होता. गावाच्या मध्यात कुणी हॉटेल काढायचं आणि कुणाच्या हातचं कुणी खायचं, हा वाद आपण तिथे निकाली काढला होता. आज ‘आमच्या इमारतीत असली माणसं येतील’ असं कुजबुजत कुणी तो पुन्हा उकरून काढत असेल, तर त्या सभेत उठून विरोध करावा लागेल.

बारचं मात्र वेगळं आहे, त्याची गल्लत करू नये. दारूच्या बाबतीत कायद्यानेच शेजाऱ्यांना आवाज दिलाय. बाटली आडवी करायची तर प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून मतदान घेता येतं. सोसायटीच्या आवारात नवं बिअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल, असं सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. जिन्यात पडलेला दारुडा आणि रात्री क्लासहून एकट्या येणाऱ्या मुली, या खऱ्या चिंता आहेत. मला एवढंच विचारायचंय की हा आवाज दारूपुरताच का? गॅसच्या टाक्यांची रांग जिन्याखाली लावली जाते, तेव्हा वरच्या चाळीस कुटुंबांना कुणी विचारत नाही. हॉटेलची सगळी पार्सलं न्यायला आलेले पंधरा-वीस डिलिव्हरी बॉय दुचाक्या घेऊन फाटकातच उभे असतात, त्यांना बसायला जागा नसते, पाणी नसतं, आणि रखवालदार त्यांच्यावर खेकसतो. ती जागा हॉटेलच्या नकाशात आधीच दाखवायला लावली असती तर त्यांचीही सोय झाली असती आणि रुग्णवाहिकेचीही वाट मोकळी राहिली असती.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांचा. तक्रार न्यायची कुणाकडे, हा प्रश्न तेव्हा रास्त होता. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन तो प्रश्न संपला. नव्या नगरसेवकांनी मुहूर्ताच्या फिती कापत हॉटेलांची उद्घाटनं करण्याआधी एक ठराव करून घ्यावा. गाळ्यात हॉटेल निघणार असेल तर फरशीवर पहिला घाव बसायच्या आधी दारावर पंधरा दिवस सूचना लागलीच पाहिजे. तिच्यात भटारखान्याचा नकाशा, धुराड्याची उंची, सांडपाण्याची वाट, टाक्यांची जागा. हरकती प्रभाग कार्यालयात एकाच टेबलावर घ्याव्यात, त्यांवर महिन्याभरात लेखी निकाल द्यावा आणि निकाल हॉटेलच्या बाजूने लागला तर त्याच कारणावरून पुन्हा कुणी त्याला छळू नये. फॉर्म बी गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीशेजारी लावावा, प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसेल असा.

ठराव होईपर्यंत सोसायट्यांनी थांबू नये. फ्लेक्स लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी गाळेवाल्याला वर चहाला बोलवावं, नकाशा मागावा, धुराडं गच्चीपर्यंत न्यायला भिंत द्यायची तयारी दाखवावी आणि बदल्यात ते महिन्याला साफ करण्याची लेखी हमी घ्यावी. तो टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा: आगीचा दाखला, मंजूर नकाशा, खाद्य परवाना. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात कुठेही मेन्यूकार्ड मागू नये.