विनर

पिंपरी-चिंचवडमध्ये "कुठं असतो?" म्हटलं की कुणी घरचा पत्ता सांगत नाही. "चाकणला, महिंद्रात," नाहीतर "तळवड्याला, एका व्हेंडरकडं," असं उत्तर येतं. मग लगेच पुढचा प्रश्न, "पर्मनंट?" या दोन्ही प्रश्नांना मिळून जो मान किंचित उजवीकडं वळवतो आणि "मी विनर आहे" एवढंच सांगतो, तो हा. भोसरी ते चाकण पट्ट्यात असा एखादा तरी भेटतोच.

कसला विनर? तर चॅनेलवरच्या मॉडेलिंगच्या स्पर्धेचा. साल विचारलं की तो 'रिसेंटली' म्हणतो.

समोरून तो कुणाला पूर्ण दिसत नाही. डावी बाजू चांगली येते असं कुठल्याशा फोटोग्राफरनं सांगितल्यापासून चहाच्या टपरीवरही तो आधी उजेड कुठून येतोय ते बघतो आणि मग कटिंग हातात घेतो. वडापाव शर्टापासून हातभर लांब धरतो आणि निम्मा मित्राला देतो. घरी रोज सहा अंड्यांचं पांढरं. पिवळं फेकायचं कसं म्हणून त्याची आई सगळ्या घराला पिवळ्याची भुर्जी खायला घालते. पोरगा जिंकला तेव्हापासून त्याचं वजन चार किलो उतरलं आणि वडलांचं कोलेस्टेरॉल चढलं.

वडील आकुर्डीच्या कंपनीतून रिटायर झालेले. शोकेसमध्ये त्यांच्या पंचवीस वर्षांच्या सेवेचं घड्याळ आहे आणि त्याला खेटून पोराची ट्रॉफी. आलागेला ट्रॉफीचं कौतुक करू लागला की वडील म्हणतात, "घड्याळ चालू आहे अजून." बक्षिसाच्या रकमेवर जागेवरच तीस टक्के टीडीएस कापला गेला, तेव्हा त्यांनी एकच चौकशी केली, "आणि पीएफ?" पीएफ नाही म्हटल्यावर "मग तो पगार धरू नकोस," असं सांगून ते पेपर वाचायला बसले.

विनरचं खरं काम म्हणजे उद्घाटनं. मोशीत जिम, चिखलीत सलून, स्पाइन रोडला मिसळीचं हॉटेल. मानधनाचं बोलणं पेट्रोलपासून सुरू होतं आणि 'वर्षभर जिम फ्री'वर मिटतं. सलूनवाला एक फेशियल वर देतो. फ्लेक्स मात्र जोरदार लागतो. वरच्या ओळीत आमदारसाहेब, मध्ये हात जोडलेले तीन भावी नगरसेवक, कडेला जिममालकाचे चुलत-मावस मिळून बावीस चेहरे, आणि उरलेल्या जागेत, उजव्या कोपऱ्यात खाली, 'प्रमुख आकर्षण'. तो फ्लेक्सपाशी गाडी थांबवून फोटो काढतो, पण असा कापून की फ्लेक्सवर एकटाच असावा.

एकदा चाकणच्या तळेगाव चौकात अडकल्यानं त्याला उशीर झाला. पोहोचला तोवर रिबन जिममालकाच्या आजींनी कापून टाकलेली. पोरांनी दोन तुकडे सेफ्टी पिननं जोडले आणि ड्रोन परत उडवला. आजींनी त्याला निरखून बघितलं आणि विचारलं, "आठ वाजताच्या सीरियलमधी जो मरतो, त्यो तूच न्हवं का रं?" तो "नाही" म्हणाला नाही. ओळख ती ओळख.

कुणी करिअरचा विषय काढला की तो विशाल निकमचं नाव घेतो. खानापूर तालुक्यातल्या देविखिंडीचा पोरगा, जिम ट्रेनर, मॉडेल. २०२१च्या डिसेंबरात बिग बॉस मराठीचा तिसरा सीझन जिंकला आणि २०२४मध्ये 'येड लागलं प्रेमाचं'मध्ये हिरो. "सांगलीकडचा गडी करतो, मग आपण का नाही?" आता निकम बिग बॉसच्या घरात जायच्या आधीच 'दख्खनचा राजा जोतिबा'त जोतिबा झाला होता, म्हणजे काम आधी आणि किताब नंतर. हा तपशील विनर गाळतो. त्याच्या हिशेबात किताब मिळाला की काम आपल्या पायानं दारात येतं.

निव्वळ मॉडेलिंगच्या किताबांचं काय होतं ते बघायचं असेल तर एमटीव्हीचं 'इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल' बघावं. २०१५ला डॅनिएल कॅन्यूट, मग प्रणती राय प्रकाश, मग रिया सुबोध, २०१८ला उर्वी शेट्टी. चार वर्षांत चार विनर निघाल्या आणि मग कार्यक्रमच थांबला. प्रणती राय प्रकाशनं अभिनयाची वाट धरली. चाकणच्या पोराला हे चक्र समजावून सांगावं लागत नाही. ट्रेनी म्हणून घ्यायचं, काही महिने लाइनवर उभं करायचं, ब्रेक द्यायचा आणि गेटवर नवी बॅच उभी करायची. चॅनेलवाले ब्रेकला 'नवा सीझन' म्हणतात आणि त्याची जाहिरात करतात, एवढाच फरक.

विनरचाही ब्रेक झाला. नव्या सीझनचा नवा विनर आला आणि मोशीतल्या दुसऱ्या जिमची रिबन त्यानं कापली. मग चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेस, दादर, अंधेरी, आरामनगरातल्या ऑडिशनच्या रांगा. परत येताना पाठीवरच्या सॅकमध्ये इस्त्रीचे दोन शर्ट न चुरगळता. लग्नाचं बोलणंही एकदा झालं. मुलीच्या मामांनी यूट्यूबवर अख्खा फायनल एपिसोड बघितला, टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "पण पर्मनंट कुठं आहेत?"

आता शनिवार-रविवार तो सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये ग्रूमिंगचा क्लास घेतो आणि, खरं सांगायचं तर, छान शिकवतो. खांदे सैल, नजर लांब, वळताना आधी पाय, मग कंबर, चेहरा सगळ्यात शेवटी. स्वतःच्या डाव्या बाजूचा त्याला तिथं विसर पडतो. पोरं फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसनं थेट येतात. परवा एक जण सेफ्टी शूजवरच रॅम्प वॉक करत होता, स्टीलचा टो असलेले, धाड धाड धाड. खालच्या मजल्यावरून सेक्रेटरी धावत वर आले.

त्यांना वाटेला लावून विनर पोराच्या पायाशी उकिडवा बसला आणि टाच कुठं टेकवायची ते बोटानं फरशीवर दाखवू लागला. पोरानं वाकून हळूच विचारलं, "सर, जिंकल्यावर पर्मनंट करतात ना?"

"आधी बूट काढ," विनर म्हणाला, "आणि पुढच्या महिन्याची फी आणलीस का?"