थळला थंडी आहे असे धरून चालणे: अंगोरा मोज्यांची संपूर्ण कृती

अंगोरा लोकरीचे बाळमोजे विणायचे तर आधी थंडी हवी. अलिबागजवळच्या थळला ती नसते. जानेवारीतल्या पहाटेही अलिबागच्या पट्ट्यात पारा साधारण 16-17 अंशांवरच थांबतो, आणि तेवढ्यावर वाडीतली माणसे कानटोप्या चढवून एकमेकांची विचारपूस करतात. तेव्हा थंडी घरातच तयार करावी. घरातल्या ज्येष्ठ बाईने पंख्याखाली बसून, कपाळाचा घाम पुसत, "बाळाचे पाय बघा किती गार पडलेत" असे जाहीर करावे. तान्ह्या बाळाचे हातपाय गारच लागतात, कारण रक्ताभिसरण अजून नीट बसलेले नसते. ऊब पाहायची तर पोटाला किंवा पाठीला हात लावून पाहतात. ही माहिती कोणाला असल्यास ती स्वतःजवळच ठेवावी. बोललात तर कृती इथेच संपते.

अंगोरा म्हणजे सशाची लोकर. (अंगोरा नावाची शेळीही असते, तिच्या लोकरीला मोहेर म्हणतात.) हा ससा थंड हवेतला. आपल्या देशात तो हिमाचल-उत्तराखंडाकडे पाळतात. कुलू जिल्ह्यात गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्रच आहे. थळच्या मे महिन्यात तो आणलात तर विणकाम बाजूला ठेवून त्यालाच वारा घालत बसावे लागेल. म्हणून लोकर मिळवण्याचा रूढ मार्ग वेगळा: घरातल्या कोणीतरी कुलू-मनालीच्या सहलीला जावे, मांडीवर पांढरा ससा घेऊन पैसे मोजून फोटो काढावा, आणि त्याच भरात पिंजलेल्या लोकरीचा पुडा घ्यावा. एका जोडाला जेमतेम 20 ग्रॅम लागते, पुडा पाव किलोचा असतो. उरलेली लोकर कपाटात दिसेल अशी ठेवावी. धाकट्या सुनेला काय ते कळते.

आता कताई. माळ्यावरून टकळी काढावी. आजीने शाळेत टकळीवर सूत काढलेले असते आणि त्या तासाला शाबासकीही तिलाच मिळालेली असते, असे ती सांगते. पण कापसाचा हात इथे चालत नाही. सशाचे केस 12 ते 14 मायक्रॉन इतके बारीक, आतून पोकळ आणि भलते गुळगुळीत. पोकळीत हवा अडकते म्हणून ऊब. गुळगुळीत म्हणून पीळ जरा कमी पडला की धागा निसटून टकळी पायावर. तेव्हा पीळ सढळ हाताने द्यावा. मेंढीच्या लोकरीची लवचीकताही या केसांत नाही, म्हणून एक तृतीयांश तरी मऊ मेरिनो मिसळावी. घोंगडीची दख्खनी लोकर मिसळू नये. बाळ बारशाआधीच संन्यास घेईल. कोरड्या हवेत अंगोरा स्थिर विजेने फुलून नाकातोंडात जाते, दमट हवेत ती गप्प असते. मुंबईच्या कापडगिरण्यांनाही समुद्राची ओल अशीच फळली, सूत कमी तुटायचे. थळच्या हवेने या सगळ्या प्रकरणाला केलेली मदत एवढीच.

सुया 12 नंबरच्या, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या. बाळाचे पाऊल साधारण 8 सेंटीमीटर. तळव्याला 32 टाके घालावेत आणि सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. दोन्ही टोकांना एकेक व मध्यावर दोन असे एकाआड एक ओळीत वाढवत 44 वर न्यावे. दहा ओळी सरळ. मग मधल्या दहा टाक्यांवर पंजा विणताना प्रत्येक ओळीच्या शेवटी बाजूचा एक टाका जोडून घ्यावा, 32 उरेपर्यंत. नंतर दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, ही नाडीची जाळी. वर दोन सुलट दोन उलट. टाके बंद करून तळव्याची आणि मागची शिवण घालावी.

आजोबा ओटीवर जाळे सांधत बसलेले असतील तर त्यांचा सल्ला येणारच. जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ असते, एक फाटले तरी शेजारचे शाबूत राहते. मोजा मात्र सबंध एका धाग्यावर उभा, एक टाका निसटला की खालपर्यंत उसवतो. आजोबांना हे काम कच्चे वाटते आणि ते टाक्याटाक्याला गाठ मारायला सांगतात. मान डोलवावी, ऐकू नये. त्या मोज्यात पापलेट राहील, पाय राहणार नाही.

मोजे विणायचे कोणी, हा यातला खरा अवघड भाग. बाळंतविडा माहेरचा, म्हणून हक्क आईच्या आईचा. पण वडिलांच्या आईने सुया आधीच हातात घेतलेल्या असतात. थळसमोरचा खांदेरी जलदुर्ग मराठ्यांनी 1679 मध्ये बांधायला घेतला. इंग्रज आडवे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर ठाण मांडून तोफा रोखल्या. विहिणींना हा इतिहास शिकवावा लागत नाही. तहाचे कलम असे की डावा मोजा एकीने विणावा, उजवा दुसरीने. हातांची ओढ वेगळी असल्याने एक आवळ होतो, एक सैल. कोणता बरोबर, या प्रश्नाला जावयाने उत्तर देऊ नये.

धुताना कोमट पाणी, चोळायचे नाही. गरम पाण्यात चोळलात तर नमदा होतो आणि मोजा बाहुलीला द्यावा लागतो. वाळवताना आडवा पसरावा. बोंबलांच्या दोऱ्यांवर जागा रिकामी दिसली तरी तिथे नको. पावसाळ्यात धुवूच नये. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, डांबरगोळ्या मुळीच नाहीत: त्यांच्या वाफेने काही तान्ह्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होते. सुटे केस ब्रशने काढावेत, नाडी आखूड ठेवून शिवून टाकावी, आणि मोजे घालून बाळाला झोपवू नये.

म्हणजे ते घालायचे फक्त बारशाच्या फोटोपुरते. आत्या कानात नाव सांगायला वाकते तेवढ्यात सैल मोजा उडतो. तो पाळण्याखाली पाहावा. तिथे नसेल तर मांजराने नेला आहे. सशाच्या वासाची ही मऊ वस्तू ओरडल्याने ते परत देत नाही. सुका बोंबील पुढे करावा. जवळ्यावर सौदा होत नाही.