जन्मजात पुरातन

अमेरिकेत रूट ६६ वरून मोटारीने जाणाऱ्याने ॲरिझोनातल्या विन्स्लोला 'ला पोसादा'त मुक्काम करावाच. इतिहास जपावा तर असा! सांता फे रेल्वेमार्गावरचं हे हॉटेल १९३० मध्ये उघडलं. वास्तुकार मेरी कोल्टरबाईंनी ते एका स्पॅनिश जमीनदाराच्या पिढीजात वाड्यासारखं बांधलं. असा जमीनदार कधी झालाच नव्हता. बाईंनी त्याच्या खानदानाची कहाणी रचली. नव्याकोऱ्या वास्तूला जन्मतःच पूर्वज मिळाले. आपल्याकडे ही सोय फक्त पुढाऱ्यांना आहे.

पुढे लोक मोटारीने फिरू लागले आणि १९५७ मध्ये हॉटेल बंद पडलं. सामानाचा लिलाव झाला, रेल्वेने आत कचेऱ्या थाटल्या. १९९७ मध्ये नवे मालक आले. त्यांनी कचेऱ्या उचकटल्या आणि न झालेल्या जमीनदाराचा वाडा पुन्हा डौलात उभा केला. या इतिहासनिष्ठेला मुजरा!

एकच सूचना. कचेऱ्यांचा काळ खराखुरा होता, त्याचंही जतन व्हावं. एका खोलीत ट्यूबलाइट, फायलींचं कपाट आणि 'साहेब जेवायला गेलेत' म्हणणारा कारकून ठेवावा. भाडं दुप्पट घ्यावं.

ज्या मोटारींनी हॉटेल बुडवलं, त्याच मोटारींतून आता पाहुणे येतात आणि रुळांकडे तोंड करून बसतात. मालगाड्या भरपूर. प्रवासी गाड्या दिवसाला दोन: एक जाणारी, एक येणारी. तेव्हा रेल्वेचा सुवर्णकाळ अनुभवायचा असेल, तर टाकी फुल करून निघा.