छत्तीस गुणांचा फोर्क

दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे जुना कर्झन रोड, सपाट आणि डांबरी. उडी मारायला तिथं मातीचा ढिगारा नाही. तरी महाराष्ट्र सदनाच्या फाटकाशी उभं राहून आमच्या भाच्यानं जाहीर केलं, "मामा, डर्ट जंप सायकलच. चाक 26 इंचीच."

का? तर रिम लहान, 559 मिलिमीटरची. म्हणून दणकट आणि हवेत चटकन वळणारी. पटलं बुवा.

मग स्वस्तात मिळाला म्हणून त्यानं कुणाचातरी उतरवलेला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, आणला. 29 च्या चाकाचा, 140 मिलिमीटर दबणारा. अशा सायकलीला 100 पुरतात. 140 चा लावला की पुढचं तोंड आभाळाकडे. शिवाय फोर्क 110 च्या हबचा, चाकाचा हब 100 चा. फोर्कची दांडी खाली दीड इंच जाड, फ्रेमच्या नरड्यात सव्वा इंचाचीही जात नाही.

लग्नाच्या पत्रिकेत 36 पैकी 18 जुळले तरी भटजी हो म्हणतात. इथं एक हुकला की मांडव मोडला.

फोर्क परत कर म्हटलं, तर म्हणतो, "छे! आता याला शोभेल अशी फ्रेम बघतोय."