पैसे देऊन आणलेल्या गारा

"या वेळी मटण मी करणार," असं गावी, सास्तूरला, फोनवर सांगितलं, तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. रेंज गेली असणार, असं मी धरून चाललो.

पुण्यात माझ्या मटणाचं नाव आहे. म्हणजे सोसायटीतली दोन माणसं नाव काढतात. त्यातला एक शाकाहारी. माझी खासियत अशी की मी त्यात फ्रोझन मटार, गाजर आणि फरसबी घालतो. एकाच भांड्यात पोषण, रंग आणि सुधारणा! ही सुधारणा गावापर्यंत न्यायची म्हणून अर्ध्या-अर्ध्या किलोची दोन पाकिटं थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घालून घेतली. सोलापूरपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरांत चार वेळा गाडी थांबवली. पाकीट कानाशी नेऊन हलवायचं. मटार खुळखुळ्यासारखा वाजला की प्रकृती उत्तम. मागच्या सीटवर धाकटी ओकत होती. तिच्याकडे बायको बघत होती, मी मटाराच्या नाडीकडे. नळदुर्गला आवाज जरा बसका लागला, तशी मी गाडी दामटली.

घरात शिरलो तो थेट फ्रिजकडे. हा फ्रिज मीच घेऊन दिलेला आणि हे मी गावात सगळ्यांना सांगितलेलं. आता या फ्रिजबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. मटण काय, शिजतंय. वर फ्रीझरमध्ये सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि माझं दहावीचं गुणपत्रक. खालच्या कप्प्यांत शेवया, कुरडया, सांडगे आणि वांग्याच्या वाळलेल्या फोडी. भाज्यांच्या ड्रॉवरमध्ये राखेत घोळलेले हुलगे. दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत सुतळीचे गुंडे, एकेका खळग्यात एकेक, अंडी उबवायला ठेवावीत तसे. आतला दिवा लागला नाही.

"बंद कधी पडला?"

"चालू कुठं केलाय? रातभर गुरगुरायला, झोप लागंना."

"मग विकून टाकायचा."

"का बरं? दार किती घट्ट बसतंय बघ. उंदीर जात न्हाई. आन् हाललं तरी उघडत न्हाई."

'हाललं' या क्रियापदाला आमच्या गावात कर्ता लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांचं माळवद. ज्या माळवदावर आई दर उन्हाळ्यात वांगी वाळवायची, तेच खाली आलं. आम्ही अंगणात झोपलो होतो, म्हणून हा लेख आहे. कागदांची ट्रंक पंधरा दिवसांनी निघाली, चेपलेली, ओली. पुढे महिनोन्‌महिने आई ज्या ज्या रांगेत उभी राहिली, तिथं तिला एकच विचारलं गेलं: कागद कुठाय? मी तिला थंडी घेऊन दिली होती. तिला लोखंडी कपाट हवं होतं.

तर मटण. उस्मानाबादी बोकडाचं, काळं तिखट घातलेलं, तुराट्यांच्या जाळावर भगुल्यात रटरटत होतं. शेजारी आईनं पाणी आधणाला ठेवलेलं. मटणात पडणारं पाणी आधणाचंच, हा तिचा कायदा. गार पाण्यानं मटण आखडतं म्हणते. मी पाकीट फोडलं. तिनं हिम धरलेला एक मटार तळहातावर घेतला.

"ह्या गारा पैसे देऊन आणल्यास?"

बायको हसली. आई हसली नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यातला उभा रब्बी गारांनी झोडपला, ते बघितलेल्या माणसाला गारांचा विनोद सुचत नाही.

मी किलोभर ओतलं. भगुलं एकदम गप्प झालं; बैठकीत कुणी उसन्या पैशांचा विषय काढावा, तसं.

चूक काय झाली ते मला ठाऊक होतं, आणि झाल्यावर मी ते सगळ्यांना समजावूनही सांगितलं. मटार गोठवण्याआधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात, त्यांनी पेशींच्या भिंती फुटतात. त्याला अखेरची तीन-चार मिनिटं पुरतात. चुलीवरच्या मटणाला दीड तास लागतो. माझ्या मटारांनी दीड तास काढला. सालं एकीकडे, जीव दुसरीकडे. गाजर नुसतं रंगापुरतं उरलं, फरसबीचे दोरे झाले, आणि सगळ्यांनी सोडलेल्या पाण्यानं रश्श्याची पातळ आमटी झाली.

आई काही न बोलता फ्रिजकडे गेली. ओंजळभर वाळली वांगी आणि मूठभर येसराचं पीठ आणून भगुल्यात टाकलं. वाळलेली भाजी तहानलेली येते. माझी वाटेतच पोटभर पिऊन आली होती आणि भांड्यात येऊन ओकली होती. पाऊण तासात वांग्यांनी पाणी ओढलं, येसरानं रस्सा धरला.

जेवताना मी हार न मानता क्लॅरेन्स बर्ड्सआयची गोष्ट काढली. लॅब्रॉडोरच्या कडाक्यात मासे झटक्यात गोठताना त्यानं पाहिले, आणि १९३०मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या अन्नाची पाकिटं विक्रीला आली. आईनं भाकरी मोडली.

"ऊन नसंल बिचाऱ्याकडं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५च्या पुस्तकात मराठवाड्याच्या दलित स्वयंपाकाची नोंद केली आहे. त्यात उन्हात सुकवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. फ्रीझर आमच्या डोक्यावर होताच, बिनविजेचा. मी पुण्याहून काय आणलं होतं, तर बर्फ.

उशिरा आलेल्या आत्यानं पहिला घास घेतला आणि विचारलं, "मटण कुणी केलंय गं?"

"त्यानंच की," आई म्हणाली.

मी मान खाली घालून रस्सा ओरपला. नाही म्हटलं नाही.

निघताना आईनं वाळल्या वांग्यांची पिशवी हातात दिली. पिशवी माझीच, फ्रोझन भाज्यांची, धुऊन वाळवलेली; प्लास्टिक चांगलं जाड आहे म्हणाली. आता ती आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकते. उणे १८ अंशांच्या खाली ठेवावे, असं तिच्यावर अजून लिहिलेलं आहे.